खिशातला हात

गल्लीत त्या मिस्त्रींना सगळे 'एकहाती' म्हणायचे. हात तसे दोन्ही धडधाकट होते हो. पण व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना ॲम्प्लिफायर उघडून चालू केला की त्यांचा डावा हात खिशात जायचा, तो मोजमाप संपेपर्यंत बाहेर यायचा नाही. आत चारशे व्होल्ट खेळतात. एका हाताला लागले तर झटक्यावर निभावतं, दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो, असं काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चाळीस वर्षं हा नेम चुकला नाही.

गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. मिस्त्रींनी गुपचूप हात बदलले: उजवा खिशात, काम डाव्याने. झाकली मूठ सव्वा लाखाची! घरी ताकास तूर लागू दिली नाही. पण डावा तो डावाच. गेल्या आठवड्यात मीटरच्या वायरीचं टोक घसरून शेजारच्या पिनेला लागलं आणि गिऱ्हाइकाचा जुना, आता कुठेच न मिळणारा व्हॉल्व्ह डोळ्यांदेखत जळून गेला.

आज टेबलावर गाण्याच्या बाईंचा असाच व्हॉल्व्हचा सेट होता. आवाज फाटत होता, एक व्हॉल्व्ह तापून लालबुंद होत होता. रोग मिस्त्रींनी बघताक्षणी ओळखला, त्याच्या मागच्या कपॅसिटरमधून करंट गळत असणार. पण खात्रीसाठी सेट चालू ठेवूनच मोजायला हवं. त्यांनी टोक दोनदा पिनेजवळ नेलं, दोनदा मागे घेतलं. आता डावाही थरथरत होता. इतके थकले होते, की रडूच यायचं बाकी होतं.

बायको डबा घेऊन दारात केव्हाची उभी होती. तिने डबा ठेवला आणि त्यांच्या हातून वायर काढून घेतली.

"अगं, सोड ते. झटका बसेल."

"वर्षभर तुमच्या बशीत चहा सांडतोय. मी काय आंधळी आहे? कुठे टेकवू, तेवढं सांगा."

त्यांनी पीन दाखवली. मग म्हणाले, "दुसरा हात खिशात."

तिच्या कपड्यांना खिसा कुठला? तिने हात पाठीमागे घट्ट धरला आणि टोक पिनेवर टेकवलं. ते तसूभरही हललं नाही. शून्य असायला हवं तिथे मीटरने वीस व्होल्ट दाखवले. निदान अचूक होतं.

शाबासकी द्यावी म्हणून मिस्त्रींनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर खाली गेली. समोर सेट चालू होता आणि त्यांचे दोन्ही हात खिशात होते.