गाडीच्या नाकावर बरणी

उस्तादांचा मला राग आहे, आणि ते गेले म्हणून तो कमी करण्याचा माझा अजिबात विचार नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या इंजिनांत धुळीचा कण जाऊ दिला नाही, त्याने स्वतःच्या छातीत मात्र अख्ख्या जिल्ह्याचे रस्ते भरून घेतले. यावर रागवायचं नाही, तर कशावर रागवायचं?

अंबडला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. काम फक्त डिझेल गाड्यांचं. उंच, शिडशिडीत माणूस, काजळीने करडी झालेली पांढरी दाढी आणि आवाज असा, की समोरच्या लेथवाल्याने मशीन बंद करून ऐकत राहावं. पण हा आवाज फक्त माणसांसाठी. गाडी दारात आली की बॉनेटवर अलगद हात ठेवून ते म्हणायचे, "या, या. काय तकलीफ होतेय तुम्हाला?" मालकाने तोंड उघडलं की मान गर्रकन वळायची, "तू गप रे! तुला कोणी विचारलं?" मी मंडप डेकोरेशनवाला. पन्नाशीचा, चार लोकांत नाव असलेला. उस्तादांच्या दारात मात्र मी 'मंडपशेठ', आणि त्यातल्या 'शेठ'वर ते असा काही जोर द्यायचे की त्यापेक्षा शिवी परवडली.

गाडीची तक्रार कोणतीही असो, उस्ताद आधी एअर फिल्टर काढणार. ब्रेक लागत नाही? फिल्टर. लाइट पेटत नाही? फिल्टर. "गाडी म्हणजे फेफडं," ते म्हणायचे. "बाकी सगळं डेकोरेशन, तुझ्या मंडपासारखं." मग कंप्रेसरचा पाइप घेऊन फिल्टरवर आतून हवा मारायची. खडीच्या गाडीचा फिल्टर असला की असा ढग उठायचा की उस्ताद दिसेनासे व्हायचे. ढगातून आधी खोकला बाहेर यायचा, मग उस्ताद. या माणसाला बिडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धा. तरी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले की लेथवाल्याच्या ओट्यावर टेकायचे आणि म्हणायचे, "जरा गप्पा मारायला बसलो." गप्पा मारायला दम कुठे होता?

मी एकदा मास्कचा अख्खा खोका नेऊन दिला. पुढच्या आठवड्यात बघतो तर एक मास्क नव्या ऑइलच्या डब्याच्या तोंडावर ताणून बांधलेला.

"उस्ताद, हे काय?"

"ऑइलमध्ये धूळ जाते ना."

"आणि तुमच्या नाकात?"

"माझ्या नाकाची वॉरंटी कधीच संपली. तू जा."

डोकं असं फिरलं माझं, की मी खरंच गेलो. कोपऱ्यापर्यंत. मग लक्षात आलं, गाडी त्यांच्याकडेच होती.

त्याच सुमारास माझ्या पिकअपचं दुखणं सुरू झालं. कळवणच्या बाजूला माझी बरीच कामं असतात. रस्त्यांची खोदाखोद चाललेली, त्यात लोखंडी पाइप आणि कनातींचा बोजा. कंपनीचा फिल्टर आठवड्यात चोंदायचा आणि चढावर गाडीला धाप लागायची. उस्ताद म्हणाले, "या गाडीची श्वास घ्यायची जागाच बदलायला पाहिजे. बाहेरचं काहीतरी बसवू." एवढं ऐकून मी खूश! कारण एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मी आधीच दिल देऊन बसलो होतो. लाल रंगाचा, चकचकीत, सुळक्यासारखा उघडा कोन फिल्टर. तो बसवला की इंजिनात हवा कोंबणारा टर्बो शिट्टी मारतो. गिअर बदलला की फुस्स करतो. नटाने विंगेतून एन्ट्री घ्यावी तशी गाडी लग्नाच्या दारात येणार.

उस्तादांनी तो फोटो माझ्या फोनवर पाहिला आणि फोन ग्रीसच्या डब्यावर ठेवला. "पार्ट फोटो बघून निवडतो का रे? नवरी आहे का ती? गाडी श्वास कुठं घेणार, ते बघ आधी."

त्यांनी दोन पांढरे रुमाल आणले. एक बांधला बॉनेटच्या आत, जिथे माझा लाडका कोन बसणार होता तिथे. दुसरा काठीला बांधून टपाच्या उंचीवर. आणि शेजारच्या सीटवर बसून मला कळवणच्या रस्त्याला लावलं. वाटेत खोकत होते आणि खोकल्याच्या मधल्या फटीत माझ्या ड्रायव्हिंगच्या चुका काढत होते. "क्लचवर पाय ठेवून झोपतो का?" परत आल्यावर दोन्ही रुमाल माझ्या हातात दिले. वरचा पिवळट झालेला. खालचा इतका लाल-तपकिरी, की झटकला तर माझा सदरा रंगला.

"बोल मंडपशेठ. कुठं श्वास घ्यायचा?"

निकाल उघड होता. टपापर्यंत उंच पाइप, आणि त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरला असते तशी पारदर्शक प्लास्टिकची बरणी. जड धूळ बरणीत फिरून तिथेच खाली बसते, आत जाते ती हलकी हवा. बरणी भरली की ओतून द्यायची. मी म्हटलं, "उस्ताद, लग्नाच्या दारात ट्रॅक्टरचं नाक लावून जाऊ? लोक हसतील."

तेव्हा उस्ताद पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "हसू देत. तू तुझ्या गाडीच्या नाकावर बरणी बसव. ज्या दिवशी बसवशील, त्या दिवसापासून मी माझ्या नाकावर ते तुझं फडकं बांधतो. जबान दिली."

वाचकहो, याहून सोपा सौदा जगात कोणाला मिळाला असेल? एक कुरूप पाइप, आणि बदल्यात एका माणसाची छाती. आणि मी काय केलं? मी त्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. "सर, गाडी मोकळा श्वास घेईल," दुकानदार म्हणाला. "पिकअप बघा तुम्ही नुसता!" अर्ध्या तासात लाल कोन बसला. गाडी शिट्टी मारत निघाली, आणि मीही तिच्या सुरात सूर मिसळून शिट्टी मारत होतो. आज त्या शिट्टीची आठवण झाली तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

उस्तादांची गल्ली मी टाळायला लागलो. पण टर्बोची शिट्टी थोडीच टाळता येते! महिन्याभराने सिग्नलला उभा होतो, तर शेजारच्या रिक्षातून उस्ताद उतरले. मी काच खाली केली. आता फुटणार, म्हणून तयारीत बसलो. ते बॉनेटकडे बघून म्हणाले, "शिट्टी छान आहे."

"उस्ताद, सीझन संपला की लगेच..."

"नाय, नाय. राहू दे. मजा कर. फक्त आता मला मास्क सांगायचा नाही." आणि परत रिक्षात जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर पाच महिने कोनाने इमानदारीने धूळ खाल्ली आणि इंजिनला खाऊ घातली. एक दिवस कळवणहून येताना चढावर शिट्टीचा घर्र झाला, मागे निळा धूर, आणि गाडी जागेवर. मी आधी फोन लावला दुकानदाराला. तो म्हणाला, "सर, वॉरंटीत धूळ येत नाही." दोनदा विचारलं. दोनदा तेच. फिल्टरच्या वॉरंटीत धूळ येत नाही! म्हणजे छत्री घ्या, पण पावसात न्यायची नाही. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण जाणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून दाद देत होते.

गाडी ओढत अंबडला आणली. उस्तादांनी टर्बो उघडला. आतल्या पंख्याची पाती धुळीने झिजून कागदासारखी झाली होती. इंजिनच्या आत ओरखडेच ओरखडे. मग मात्र उस्ताद फुटले. "हे बघ! हे बघ, काय केलंस हिचं! ही बोलत नाही म्हणून? तुला शिट्टी पाहिजे होती ना, घे, वाजव आता!" ओरडता ओरडता खोकला आला आणि थांबेना. वाकले, गुडघ्यांवर हात ठेवले. लेथवाला पाणी घेऊन धावत आला. मला त्या खोकल्यातही एकच शब्द ऐकू येत होता, 'शिट्टी', आणि तो माझा गुन्हा होता.

इंजिन त्यांनी बांधून दिलं. उंच पाइप बसवला, बरणी बसवली. पहिल्याच लग्नात नवरीच्या मामाने विचारलं, "पेरणी करून आलात का?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो, तर उस्तादांच्या तोंडावर मास्क. त्यातून शिव्या अर्ध्याच ऐकू येत होत्या, म्हणून ते आता हातवारे जास्त करायचे. दिलेला शब्द त्यांनी एक दिवसही मोडला नाही. मीच त्यांना सहा महिने तो पाळू दिला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, छाती कधीचीच निबर झालीये, पाच-सहा महिन्यांनी काही फरक पडला नसता. त्या डॉक्टरांचाही मला राग आहे. असली वाक्यं ते सगळ्यांनाच सांगत असतील.

पुढे गॅरेज बंद झालं आणि उस्ताद घरी, ऑक्सिजनच्या मशीनजवळ. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी, डोळे मिटलेले. सूनबाई हळूच म्हणाल्या, "दोन दिवस झाले, बोलतच नाहीत." मी पलंगाशी बसलो. थोड्या वेळाने उस्तादांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि बोट मशीनच्या मागे दाखवलं.

"जाळी काढ."

मशीनच्या पाठीला हातरुमालाच्या चौथाईएवढा स्पंजचा फिल्टर होता. काढला, तर त्यावर गादीच्या कापसाचा थर.

"कधी धुतला?" उस्तादांचा आवाज! तोच आवाज, फक्त लांबून आल्यासारखा. "घरात कोणाला अक्कल आहे का? या मशीनने श्वास घ्यायचा कुठून?" सूनबाईंनी जोडीचा कोरडा फिल्टर आणून मशीनला लावला. मी धुळीचा घेऊन मोरीत गेलो. दार उघडंच होतं आणि उस्ताद पलंगावरून हुकूम सोडत होते. "पिळू नको! दाब नुसता. साबण कमी. अरे, मंडपाचा पडदा आहे का तो?"

मी आणि सूनबाई एकमेकांकडे बघून हसलो. इतक्या दिवसांनी उस्ताद चिडले होते! चिडलेला माणूस इतक्यात कुठे जातो? मी निश्चिंत मनाने उठलो, "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणालो आणि सिन्नरच्या एका लग्नाचा मंडप बघायला निघून गेलो. तीन दिवसांनी फोन आला. अजून दोन तास बसलो असतो तर काय मंडप पळून जाणार होता?

परवा अंबडला दुसऱ्या एका गॅरेजवर थांबलो होतो. चाळिशीचा मेकॅनिक फिल्टरवर हवा मारत होता, उघड्या तोंडाने, धुळीच्या ढगात. मी गेलो आणि त्याच्या हातातला पाइप काढून घेतला.

"ओ काका, काय चाललंय? द्या इकडे."

"आधी तोंड बांध."

"अहो, रोजचंच आहे हे. काही होत नाही."

मग मी ओरडलो. काय ओरडलो, आठवत नाही. पण समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले, आणि शेजारच्या वर्कशॉपमधलं मशीन कोणीतरी बंद केलं. तो बिचारा घाबरून इकडेतिकडे बघत होता. शेवटी त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकावर बांधला. मी म्हटलं, "घट्ट बांध." त्याने घट्ट बांधला. मगच मी पाइप परत दिला.