हमीदभाईंचा जेंबे आणि माझा इशारा

हमीदभाई गेल्याचं मला आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. दुपारचा तास संपवून स्टाफरूममध्ये आलो, फोन उघडला, तर बातमीखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. चार महिने ज्या माणसाला कुणी साधा फोन केला नव्हता, त्याच्यासाठी सगळ्यांचे अंगठे कसे पटापट हलले. मीही एक चित्र टाकलं. खोटं कशाला सांगू.

नांदेडात त्यांचं सोफ्यांना कापड चढवण्याचं दुकान होतं. तरुणपणी ते हैदराबादला सोफ्याच्या कारखान्यात कामाला होते, तेव्हा शेजारच्या खोलीत आफ्रिकेतल्या मालीहून शिकायला आलेला एक विद्यार्थी राहायचा. त्याच्याकडून ते जेंबे शिकले. उखळासारखं कोरलेलं लाकूड, तोंडावर बकरीचं कातडं आणि ते ताणून धरणाऱ्या दोऱ्या. दोऱ्या आवळणं म्हणजे त्यांच्या धंद्यातलंच काम. मी कॉमर्सचा मास्तर. पंचेचाळिशीत गुडघ्यांमध्ये जेंबे धरून त्यांच्यापुढे बसलो, तेव्हा बायको म्हणाली, आता एवढंच राहिलं होतं. पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त तीन आवाज काढायला लावले: मधोमध तळव्याचा घुमणारा, कडेवर बोटांचा मोकळा, आणि तिथंच चपराकीसारखा कडक. मी जोर लावला की म्हणायचे, "सर, तुम्ही मारून राहिले. कातडं काय तुमच्या वर्गातलं पोर हाय का? हात उचला, आवाज आपसूक येतो."

हळूहळू आम्ही सहाजण झालो. गुरुवारी संध्याकाळी माझ्या गच्चीवरच्या खोलीत जमायचो. या वाद्याची रीत अशी, की पाचजण आपापला लहानसा तुकडा न चुकता फिरवत राहतात आणि त्यांच्या भरवशावर एकजण मनासारखं वाजवतो. तो एकजण अर्थात हमीदभाई. सगळ्यांना सुरू करायला आणि थांबवायला एक ठरलेला बोल असतो, त्याला ते इशारा म्हणत. तो मुख्य वाजवणाऱ्यानंच द्यायचा. पण एकदा आला, की मग कुणाच्याही हातून आलेला असो, सगळ्यांनी थांबायचं. त्यात वाद नाही. खोली माझी होती, तीन जेंबे मी आणले होते, कार्यक्रमाच्या पत्रिकेवर माझं नाव पहिलं असायचं… त्यामुळे पाचांतला एक होऊन तोच तो तुकडा फिरवत बसणं मला दिवसेंदिवस जड जात होतं. तेव्हा मात्र हे मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

लातूरच्या कार्यक्रमात आम्ही मासे धरून परतणाऱ्या आफ्रिकन बायकांच्या नाचाचा ताल घेतला होता. हमीदभाईंनी डोळे मिटले होते. त्यांना तसं वाजवताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका खुर्चीत बसल्या बसल्या डोलायला लागल्या. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं, आणि मी माझा तुकडा फिरवत होतो. तेवढ्यात विंगेतून आयोजकानं मला घड्याळ दाखवलं. प्रमुख पाहुणे येऊन बसले होते. घड्याळ दाखवलं, एवढंच. दोन मिनिटं थांबलो असतो तर त्यानं काही पडदा पाडला नसता. मी इशारा दिला. बाकीचे चौघं तिथंच थांबले. हमीदभाईंचा हात वर उचललेला होता, तो त्यांनी सावकाश मांडीवर ठेवला… नियम त्यांनीच शिकवला होता.

परतताना अहमदपूरला चहासाठी उतरलो. आयोजक फारच घाई करत होते, असं काहीतरी मी पुटपुटलो. हमीदभाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"इशारा साफ आला सर," ते म्हणाले. "आता तुम्हाला माझी गरज न्हाई."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पुढच्या गुरुवारपासून ते आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या दुकानासमोरून स्कूटर नेली, थांबवली नाही. चार महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या हृदयानं दगा दिला.

शोकसभेत मी बोललो. कुठं थांबायचं हे हमीदभाईंना बरोबर कळायचं, लातूरच्या शेवटच्या कार्यक्रमातही ते आपणहून थांबले, असं मी माइकवर म्हणालो. लोक हळहळले. बाकीचे चौघं माझी नजर चुकवून आपापल्या चपला शोधत होते. त्या वाक्याची मला आजही किळस येते.

आठवड्यानं त्यांच्या पत्नी शमीमभाभींनी मला दुकानामागच्या खोलीत बोलावून घेतलं. पाणी दिलं, आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "घरी येऊन ते म्हणले, हात थकले, मीच थांबलो. सभेत तुम्ही बी तेच बोलले. पण लातूरचा व्हिडिओ मी पाह्यला सर. हात थकलेले दिसत न्हाईत."

मग मी सगळं सांगितलं. आयोजकाचं घड्याळ सांगितलं आणि त्या घड्याळाआड लपवलेला माझा मत्सरही. ऐकून झाल्यावर त्या सांगायला लागल्या, की लातूरहून आल्यापासून ते रोज दुपारी जेवण झालं की इथं बसून त्या दिवशीचंच पुढं वाजवायचे. तासतासभर. शेवट मात्र करायचे नाहीत, मधेच हात उचलून घ्यायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, शेवट सरांकडे राहिला.

जेंबे भिंतीशी होता, त्याच्यावर सोफ्याच्या कापडाचा उरलेला तुकडा पांघरलेला. भाभींनी जेंबे माझ्याकडे सरकवला. तेवढा शेवट वाजवून जा, म्हणाल्या. मी म्हटलं, भाभी, मला तो हक्क नाही.

"त्या दिवशी होता?"

आवाज त्यांनी चढवला नव्हता. मी खाली बसलो, कापड बाजूला केलं आणि इशारा दिला. थांबायला तिथं कुणी वाजवत नव्हतं.