बाबा, घरी कव्हा येता?

धंतोलीत एक्स-रेच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते पेशंटसारखे नंबर लावून येतात. आमच्याकडचे निम्मे तर एका जुन्या कंप्यूटरचेच.

तो चालू केला की लहान मुलीचा आवाज येतो, "बाबा, घरी कव्हा येता?" डॉक्टरसाहेबांची मिनू शाळेत असताना तिनंच आपला आवाज त्यात भरून ठेवला होता, कारण साहेब रोज उशिरा घरी जायचे. आता मिनू पुण्यात नोकरीला. मिनूची आई वारली. साहेबांना घरी जायची घाईच उरली नाही.

*

एकदा लाइट जाऊन आली. कंप्यूटर चालू करताच आवाज आला. बाकावरचे काटोलकडचे आजोबा मोठ्यानं म्हणाले, "येतो वं माय, आधी फोटो तं काढू दे."

शेजारच्या बाईनं विचारलं, "नात आहे का तुमची?"

"आवाजावरून तं तशीच वाटते," आजोबा म्हणाले.

*

जरीपटक्याचा हरीश आमचा कंप्यूटरवाला. येतो तेव्हा एकच पालुपद, "साहेब, नवीन सिस्टीम टाका. ही तं म्युझियमले द्या."

"अन् मिनूचा आवाज?"

"राहीलच याची गॅरंटी नाही. पण फाइल कॉपी करून देतो ना. कव्हाही क्लिक करा, ऐका."

"मी क्लिक केलं तं मीच बोलावल्यासारखं होते गा," साहेब म्हणाले. "हे तं तिच्या मनानं विचारते."

हरीश चहा पिऊन गेला.

*

दुपारी गर्दी ओसरली की साहेब सांगतात, "कंप्यूटर अटकला वाटते. बंद करून चालू करा."

एकदा मी बोललेच, "साहेब, तो चांगला चालून राहिला."

"माहीत आहे मले," साहेब म्हणाले. मी बंद करून चालू केला.

*

दिवाळीला मिनू आली ती अपग्रेडचा निकाल लावायच्या तयारीनं. जुनी सिस्टीम सेफ नाही, हे ती फोनवर सांगून थकली होती. माझ्या खुर्चीत बसून तिनंच बटण दाबलं.

"बाबा, घरी कव्हा येता?"

आतल्या खोलीतून साहेब रोजच्या सवयीनं म्हणाले, "येतो वं बेटा."

ते रोज उत्तर देतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. हुडकेश्वरला घरी माझी लेक वाट पाहत असते, मला तिची आठवण झाली.

अपग्रेडचं मिनूनं पुन्हा नाव काढलं नाही. जाण्याआधी मात्र स्वतःचा लॅपटॉप रेकॉर्डिंग लावून वडिलांपुढे ठेवला. "बाबा, आता तुम्ही बोला."

साहेबांनी घसा साफ केला. "बेटा, घरी कव्हा येशीन?"

*

परवा काउंटरवर फोन आला. मिनू होती. साहेबांना देते म्हटलं, तर म्हणाली, "नको काकू. हरीशभाऊचा नंबर द्या. माझा लॅपटॉप अपग्रेड मागून राहिला. करू का नको, समजून नाही राहिलं."