गायरानातलं सोयाबीन आणि युरोपची अट

लोह्याजवळच्या एका शेतकरी कंपनीत मी सहा वर्षांपासून काम करते. सभासदांचं सोयाबीन गोळा करून लातूरच्या तेलगिरणीला द्यायचं, हे आमचं मुख्य काम. गिरणी तेल काढते आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या, जनावरांच्या खाद्यासाठी विकते. त्यातली काही युरोपात जाते, हे मला एका उन्हाळ्यात कळलं. गिरणीतले निर्यातीचं काम बघणारे साहेब आले आणि म्हणाले, "तिकडं कायदा झालाय. जंगल तोडून केलेल्या रानातला माल ते घेणार नाहीत. जंगल तुटलं की हवा तापते, म्हणून त्यांनी व्यापारातच अट घातलीय. आता व्यापार करारांच्या बोलण्यातही हे विषय असतात. आपल्याला प्रत्येक रानाचा नकाशा द्यावा लागंल."

पहिला नकाशा मी आमच्याच रानाचा केला. मोबाइल हातात धरून बांधाबांधानं चालायचं, कोपऱ्यांवर खूण करायची, मग पडद्यावर रानाचा आकार उमटतो. वडील मागून चालत होते. सातबारा त्यांच्या पेटीत होताच. त्याचा फोटो टाकला आणि आमचं नाव यादीत हिरवं झालं. सगळं दहा मिनिटांत.

गावात काही दिवस कुजबुज झाली, की पोरगी रस्त्यासाठी जमीन मोजून राहिली. घरोघरी जाऊन समजावलं तेव्हा लोक तयार झाले.

बौद्ध वस्तीतल्या मावशींचं रान आमच्या रानाला लागूनच आहे. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच करतात. मोबाइलनं गट नंबर विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "सातबारा सरकारच्या नावानं हाय, ताई. गायरान हाय ना हे." गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. मला ते लहानपणापासून माहीत होतं, पण त्या दिवसापर्यंत मी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

"त्यायला काय पायजे?" त्यांनी विचारलं.

"जंगल तोडून रान केलेलं नाही, एवढं दाखवायचंय."

मावशी हसल्याच. "जंगल? हितं बाभूळ बी न्हवती. खडक व्हता. दगडं येचून येचून सासऱ्यानं रान केलं." त्यांनी मला कडेला नेलं. वेचलेल्या दगडांचा बांध माझ्या कमरेला लागत होता. मी त्याचे फोटो काढले आणि सगळं लातूरला पाठवलं.

साहेबांचा फोन आला. "झाडं तुटली नाहीत, हे उपग्रहाच्या जुन्या फोटोत दिसतंय. पण माल आपल्या देशाच्या कायद्यानं पिकलेला पाहिजे, ही दुसरी अट आहे. गायरान म्हणजे अतिक्रमण. नाव घेता येणार नाही."

मी भांडले, पण उपयोग झाला नाही. फोन ठेवला आणि मला आमच्या बांधावरचे तीन कडुलिंब आठवले. ट्रॅक्टर वळत नाही म्हणून वडिलांनी ते आदल्या वर्षीच तोडले होते. बांधावरची झाडं म्हणजे जंगल नव्हे, त्यामुळे आमचं नाव हिरवंच राहिलं. हे मी कुणाला बोलले नाही.

मावशींना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझं सोयाबीन वायलं ठिवायचं. पुन्हा वायलंच."

दोन दिवसांनी त्या ऑफिसात आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळा कागद होता. "ही नोटीस चालती का बघा. ह्याच्यात तर आमाला हाकललंय."

त्यांच्या सासऱ्याच्या नावानं आलेली, गायरान खाली करायची जुनी नोटीस होती ती. तिच्यात तहसीलनंच लिहिलं होतं, की सदर जागेत ज्वारीचं पीक उभं आहे. मी ती दोनदा वाचली. दलित, भूमिहीनांचा जुना ताबा सिद्ध झाला तर गायरान नावावर होऊ शकतं, असा सरकारी निर्णय आहे. हुसकावणाऱ्या त्या कागदातच ताब्याचा पुरावा होता.

आम्ही अर्ज केला. तहसीलच्या कारकुनानं चतुःसीमेचा नकाशा मागितला, तेव्हा युरोपसाठी काढलेलाच नकाशा छापून जोडला. तलाठी पंचनाम्याला आले. लगतचा शेतकरी पंच म्हणून लागत होता, म्हणजे माझे वडील. ते घरातून निघेनात.

"गावात बोलतील," ते म्हणाले. "गायरान सगळ्या गावाचं हाय."

"बाबा, ती जमीन कुणी केली, तुम्ही बघितलंय का न्हाई?"

ते चपला घालून माझ्याआधीच बाहेर पडले. रानात तलाठ्यांनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हिच्या सासऱ्याला मी दगडं येचताना बघितलंय. मी शाळंत जात व्हतो तवा." आणि सही केली. त्यानंतर काही दिवस पारावर त्यांच्याशी कुणी फारसं बोललं नाही.

त्या हंगामात मावशींची पोती वेगळीच राहिली. त्यांच्या सोयाबीनची पेंड देशातच विकली गेली. पुढं कळलं, की युरोपनं आपल्या कायद्याची तारीखच पुढं ढकलली. साहेब म्हणाले, नकाशे जपून ठेवा, लागतीलच. मावशींची फाईल तहसीलमधून नांदेडच्या कलेक्टर कचेरीत गेली.

गेल्या महिन्यात तिथून त्रुटीचं पत्र आलं : सर्व वारसांची संमती जोडावी. सासऱ्याची दुसरी वारस म्हणजे मावशींची नणंद, ती उमरीला असते. आम्ही दोघी एसटीनं गेलो. नणंदेनं माझ्याकडून कागद वाचून घेतला आणि विचारलं, "नाव वहिनीचंच लागंल ना?" मी हो म्हटलं. तिनं अंगठा उमटवला, बोट पदराला पुसलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.