न बघता लिहिलेलं कोटेशन

"ताई, तुमी हे बगून लिवलंय का न बगता?"

समोर उभ्या असलेल्या बाईने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. लेटरहेड माझं होतं. सही माझी होती. वर घरमालक म्हणून सोळंके साहेबांचं नाव आणि खाली एकूण रक्कम, साडेचौदा हजार.

मी परभणीत डीप क्लीनिंगचं काम करते. रोजच्या झाडू-पोछ्याने जे निघत नाही ते काढायचं, एवढाच त्याचा अर्थ. टाइल्समधल्या फटी, किचनच्या भिंतीवरचा तेलकट थर, बाथरूमचे डाग. त्याआधी अकरा वर्षं मी एका दवाखान्यात हाऊसकीपिंग बघायचे. आता माझ्याकडे चार बायका आहेत आणि एक शटरचं ऑफिस आहे. भाडेकरूने घर सोडलं की घरमालक मला बोलावतात, हा माझा निम्मा धंदा.

बाईचं नाव स्वाती. एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. नवरा पूर्णेला रेल्वेत. तीन वर्षं ते सोळंके साहेबांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहिले. आता तिलाही पूर्णेला नोकरी मिळाली, म्हणून घर सोडलं. डिपॉझिट तीस हजार होतं. साहेबांनी माझं कोटेशन दाखवून त्यातले साडेचौदा कापले. नव्या घरमालकाला डिपॉझिट दिल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती. त्यामुळे नवरा, ती आणि दुसरीतली पोरगी, तिघं पूर्णेला नणंदेच्या एका खोलीत राहत होते. सामान नणंदेच्या ओसरीवर ताडपत्रीखाली.

"कोटेशन म्हणजे अंदाज असतो," मी म्हणाले. "किती कापायचे ते घरमालक ठरवतात. माझा त्यात संबंध नाही."

आमच्या धंद्यात सगळे असंच म्हणतात. मीही बऱ्याचदा म्हटलंय.

"संबंध न्हाई कसा? साहेब म्हनतेत, मी न्हाई, कंपनीनं काढलाय आकडा. कंपनी म्हंजे तुमीच ना?"

कोपऱ्यात रुक्मिणमावशी धुतलेली फडकी निवडत बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. मान वर न करता म्हणाल्या, "खरं बोलायली ती. आपन गेलोच कुटं तिकडं?"

गेलो नव्हतो. साहेबांनी फोनवर आठ फोटो पाठवले होते. मी तेव्हा मानवतला कापसाच्या एका जिनिंग मिलच्या गेस्ट हाऊसचं काम संपवून बस स्टँडवर बसले होते. गाडी यायला वेळ होता. फोटो बघून तिथेच आकडे टाकले. किचन तीन हजार. बाथरूम साडेतीन हजार. हॉलच्या मार्बलवर तेलाचा डाग, मशीन पॉलिश, आठ हजार. साहेब म्हणाले होते, "लवकर पाठवा, आनि आमच्या हॉस्टेलचंबी काम तुमालाच देनार हाय." त्यांचं मुलांचं हॉस्टेल होतं, वीस खोल्यांचं. दर महिन्याचं काम. मी तेव्हाच पाचवी बाई कामावर घ्यायचा विचार करू लागले होते. घाई त्याचीच होती.

स्वातीसमोरच मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, जागा बघायची राहिली माझी. उद्या सकाळी येते. स्वातीताईंनाही बोलावते."

"तिला कशाला?"

"डाग दोघांसमोर बघितलेला बरा."

त्यांनी तो विषय तिथेच सोडला. मग म्हणाले, "हॉस्टेलचं ध्यानात हाय ना तुमच्या?"

"आहे साहेब."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी आणि मावशी पोचलो. स्वाती पूर्णेहून सकाळच्या रेल्वेने आली होती. साहेब दारातच खुर्ची टाकून बसले होते. ते एका सरकारी खात्यातून रिटायर झालेले. कपडे कडक इस्त्रीचे, फाइल मांडीवर. फाइलीत अ‍ॅग्रीमेंट होतं आणि एका ओळीखाली लाल पेनने रेघ मारली होती. 'घर सुस्थितीत ताब्यात मिळाले.' खाली स्वातीच्या नवऱ्याची सही.

आधी किचन बघितलं. आमच्या कामात तीन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात. मळ, झीज आणि पाण्याचे क्षार. मळ राहणाऱ्याचा. झीज म्हणजे वापराने आपोआप होतं ते, म्हणजे रंग फिका पडणं, नळ जुना होणं. ती मालकाची. क्षारांचं पुढे सांगते.

एक्झॉस्ट फॅनच्या मागे मी सोड्याच्या पाण्यात बुडवलेलं पांढरं फडकं फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा ते गुळाच्या रंगाचं झालं होतं.

"मी दोन दिवस घासलंय हे किचन," स्वाती म्हणाली.

"घासलंय ते दिसतंय. ओटा स्वच्छ आहे. पण फॅनमागे आणि गॅसच्या वरच्या टाइल्सवर थर आहे. हा तुमचा मळ आहे ताई."

"ह्यांना भजी लय आवडतेत," ती नाइलाजाने म्हणाली. साहेबांनी फाइलीत काहीतरी टिपलं. चेहरा खुलला होता.

बाथरूममध्ये तो चेहरा पुन्हा पडला. टाइल्सवर खालपासून कमरेइतका पांढरा थर होता. मी बाटलीतून अ‍ॅसिडवाल्या क्लीनरचा एक थेंब टाकला. टाकल्या टाकल्या फेस आला.

"साबणाचा मळ असता तर असा फसफसला नसता. हे बोअरचे क्षार आहेत. पाणी जड असलं की टाइल्सवर बसतातच. कोणी कितीही घासा."

"आमच्या वरच्या बाथरूममधीबी असंच हाय," साहेब पटकन बोलून गेले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. स्वाती खिडकीकडे बघत राहिली. हसू दाबत असावी.

राहिला हॉल. खरं भांडण तिथेच होतं.

हॉलच्या मध्ये, पांढऱ्या मार्बलवर, पिवळट तपकिरी डाग होता. साहेबांनी फोटो इतका जवळून काढला होता की त्यात नुसता रंग दिसायचा. आकार दिसायचा नाही. मी तेल समजले. मार्बल हा दगड सच्छिद्र असतो, तेल पितो, आणि प्यायलेलं तेल असंच पिवळं दिसतं. फोटोवरून मला शंकासुद्धा आली नव्हती.

"तेलाचा डबा सांडला असंल यांच्याकडून," साहेब म्हणाले.

"आमी आलो तवाच होता हा डाग. मी सतरंजी टाकून झाकला."

"मग तवाच सांगायचं."

"घर मिळत न्हवतं साहेब. पोरगी लहान होती. डाग दाखवून किल्ली परत द्यायची होती का मी?"

"सही हाय ना तुमच्या नवऱ्याची? सुस्थितीत मिळालं म्हनून?"

सही होतीच. कागद साहेबांच्या बाजूने होता. स्वातीकडे नुसता शब्द होता.

मावशी मात्र डागाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत लावली. एका बाजूने तीन विती. वळून दुसऱ्या बाजूने मोजलं. तीन विती. चारही बाजू सारख्या आणि कडा सरळ.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "तेल असं मापात सांडत न्हाई."

मी खाली बसले. हात फिरवला. तेल प्यायलेला मार्बल वरून गुळगुळीतच लागतो. हा खरखरीत लागत होता. डोळे जवळ नेले तर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. दगड तापला की अशा पडतात. दवाखान्यात स्टरलायझेशनच्या खोलीतल्या ओट्यावर मी त्या बघितल्या होत्या.

आता बोलणं भाग होतं. गप्प बसले असते तर कागद टिकला असता आणि हॉस्टेलही.

"साहेब, हा तेलाचा डाग नाही. ही आच लागलेली आहे. मी तेल लिहिलं ते चुकलं. फोटोवरून लिहिलं, बघायला आले नाही, ही माझी चूक."

"आच तर आच. शेगडी ठेवली असंल यांनी."

"हॉलमधी मधोमध कोन शेगडी ठेवतंय?" स्वाती म्हणाली.

"ते मला काय ठावं? मंजे आता तुमी कागद बदलनार?" हे मला.

"बदलणार."

"मंग हॉस्टेलला आमी दुसरं कुनी बगू."

"बघा साहेब."

म्हणताना आवाज सरळ ठेवला. वीस खोल्या म्हणजे थोडं काम नव्हे.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी धरून. सोळंके काकू चहाचा ट्रे घेऊन उतरत होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या सहसा खाली येत नाहीत. डिपॉझिट कापल्याचं साहेबांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. स्वाती धावली, ट्रे हातात घेतला. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला, पोरीची चौकशी केली. मग आमच्याकडे बघितलं. तीन माणसं आणि मावशी, सगळे एका फरशीभोवती उभे.

"काय बगायलात खाली?"

"डाग," साहेब म्हणाले. "यांनी पाडलाय. आच लागलीय म्हनतेत."

काकू डागाजवळ आल्या. वाकता येत नव्हतं, उभ्यानेच बघितलं.

"हा व्हय? हा तर आपल्या वास्तुशांतीचा."

साहेब फाइलीतून मान वर काढून त्यांच्याकडे बघू लागले.

"विसरलात का? होम इथंच मांडला हुता. विटा मांडल्या, पर खाली वाळू कमी पडली. गुरुजी म्हनत हुते, अजून एक घमेलं आना. तुमी म्हनलात, हुतंय तेवढ्यात. मी तवाच म्हनलं हुतं फरशी तापंल."

"तो होम तिकडं हुता. दाराजवळ," साहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"थांबा, आल्बम हाय वर."

काकूंना पुन्हा जिना चढू द्यायचा नाही म्हणून स्वातीच वर गेली. कपाट कुठलं, कप्पा कुठला, हे काकू खालून सांगत राहिल्या. आल्बम आला. पाचव्या पानावर फोटो होता. हॉलच्या मधोमध विटांचा चौकोन, त्यात जाळ, मागे हीच खिडकी, हीच भिंत. होमासमोर साहेब सोवळं नेसून बसलेले. धुराने डोळे मिटलेले, तोंड वाकडं झालेलं, हातात तुपाची पळी.

साहेबांनी फोटो बराच वेळ बघितला.

"मिशी लय काळी हुती की माझी," ते म्हणाले.

आधी मावशी हसल्या. मग काकू. मग स्वाती आणि मी. साहेबांनी आल्बम मिटला, पण पान बोटाने धरून ठेवलं होतं. ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते, असं मला आजही वाटतं. त्या दिवशी जेवणाची चारशे पानं उठवायची होती, फरशी कोण बघणार? पुढे वर्षानुवर्षं तिच्यावर कोणाची ना कोणाची सतरंजी. सतरंजी उचलल्यावर डाग दिसला, आणि समोर दिसला तो भाडेकरू.

चहा तिथेच, जमिनीवर बसून प्यालो. मी नवा कागद हातानेच लिहिला. हॉल रद्द. बाथरूमचे क्षार मालकाकडे. किचनचे तीन हजार भाडेकरूकडे.

"किचन मी आज करून देते ना ताई," स्वाती म्हणाली. "तीन हजार कशाला?"

"फॅन खोलावा लागतो. वायरिंग आहे. तुम्ही करू नका."

तिला ते आवडलं नाही. पण फडकं तिने बघितलं होतं. मान हलवली.

"आनि हॉलचं पॉलिश?" साहेबांनी विचारलं.

"करता येईल. पण आच खोल गेलीय. आठ हजार घालवून डाग फिका होईल, जाणार नाही. हेही मी आधी सांगायला हवं होतं."

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "होमाचा डाग कोन पैसे देऊन घालवतंय?"

माझं आठ हजारांचं काम तिथेच संपलं.

साहेबांनी कापलेल्या पैशातले साडेअकरा हजार स्वातीला तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. आकडा दोनदा टाइप केला, पहिल्यांदा एक शून्य कमी पडलं होतं. त्याच आठवड्यात तिला पूर्णेच्या घराची किल्ली मिळाली. तिने फोटो पाठवले, प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, फरशांचे, सामान लावायच्या आधीचे. खाली लिहिलं होतं, 'नव्या मालकालाबी पाठवलेत.'

साहेबांचा दोन आठवडे फोन आला नाही. दुसऱ्या कोणाला हॉस्टेल दिलं असेल असं मी धरून चालले आणि पाचवी बाई घ्यायचा बेत सोडून दिला. मग एका सकाळी फोन आला. "हॉस्टेलचा आकडा पायजे. फोटो पाठवनार न्हाई. येऊन बगा." गेले. वीस खोल्या बघितल्या, आकडा सांगितला. त्यांनी तासभर घासाघीस केली आणि शेवटी असा भाव पाडला की मला त्यात फार काही सुटत नाही. तरी काम घेतलं. महिना संपला की पैसे वेळेवर येतात, त्यांच्या हातून नाही, काकूंच्या.

आता मी घरमालकांना एक गोष्ट सांगते. भाडेकरू गेल्यावर मला बोलवाल तर पैसे पडतील. तो यायच्या आधी बोलवा, बघायचे मी काही घेत नाही. बहुतेक जण म्हणतात, त्याची काय गरज? तेच लोक वर्षा-दोन वर्षांनी आठ फोटो पाठवतात.