सगळ्या बॉक्सना ‘नाही’

आमच्या कॉम्प्युटरवरचा तो टेक्स्ट एडिटर म्हणजे एक नंबरचा भोचक. सकाळी उघडला की कालच्या सगळ्या फाइली परत आणायचा, ते ठीक. पण आधी बॉक्सवर बॉक्स. ‘ही फाइल सापडत नाही, तशीच ठेवू?’ ‘हिच्यात बदल झालाय, पुन्हा उघडू?’ अरे बाबा, मी शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. त्या पेनड्राइव्हवर असतात आणि पेनड्राइव्ह शाळेत गेलाय! रोज तेच. मी बटणं दाबायची आणि तोंडानं शिव्या घालायची.

त्यातच एका पानावर मी अम्माची गाणी उतरवून घेत होते. लग्नात हळदीला म्हणायची तेलुगू गाणी. आम्ही मुलं मराठी शाळेतली, घरात तेलुगू बोलतो पण वाचता येत नाही, म्हणून देवनागरीत. अम्माला विसर पडायला लागला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे आता वाढतच जाणार. ती भाजी निवडता निवडता गायची आणि मी टाइप करायची.

त्या पानाला मी नाव दिलं नाही की सेव्ह केलं नाही. माग चालवणाऱ्यांच्या घरातली मी. लाइट गेली की माग जागच्या जागी थांबतो, आली की त्याच धाग्यापासून पुढं. अर्धी चादर मागावरून उतरवून कुणी कपाटात ठेवतं का? एडिटरही तसाच वागायचा. कितीदा लाइट जाऊ दे, पान जसंच्या तसं हजर. मी डोळे झाकून विश्वास टाकला.

दिवाळीला धाकटा भाऊ आला. मी बाजारातून परतले तर हा खुशीत.

“अक्का, तुझी कटकट मिटवली. आता एकही बॉक्स येणार नाही.”

उघडून बघते तर कोरं पान.

“अरे, अम्माची गाणी?”

“उघड्या पडलेल्या सगळ्या जुन्या फाइली बंद करून टाकल्या. तेव्हा विचारलं एडिटरनं, ठेवू का म्हणून. तूच वैतागतेस ना त्या बॉक्सना? सगळ्यांना ‘नाही’ म्हटलं.”

भावाला नको नको ते बोलले. बिचाऱ्याचा चेहरा पडला. पण खरा दगा दिला त्या मेल्या एडिटरनं. नको ते रोज विचारून माझं डोकं उठवलं, आणि जन्मात एकदा शहाण्यासारखा प्रश्न विचारला, तो मी घरात नसताना! भावाशी निदान भांडता तरी आलं. याच्याशी काय भांडणार?

दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी अम्मापुढं ठेवली आणि शेजारी बसले. “अम्मा, हळदीचं पहिलं गाणं म्हण की.”

तिनं सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथंच अडली. ती मात्र हसली, अगदी निर्धास्त.

“मी कशाला लक्षात ठेवू आता? तू लिहून घेतलंयस की. वाच बघू पुढचं.”