माझ्या आईची नऊवारी
आईची ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला, आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. राजधानीतल्या मयूर विहारच्या आमच्या सरकारी शाळेत पंजाबी, बंगाली, तमिळ, सगळ्याच घरांतली मुलं होती. वर्गात मराठी मी एकटीच. वार्षिक कार्यक्रमात प्रत्येक राज्याचा पेहराव दाखवायचा, म्हणून मी आईची हिरवी नऊवारी नेली. मॅडमनी ती एका उंच, गोऱ्या मुलीला दिली. "स्टेज पर ये जँचेगी." मग मदतीला आलेल्या आईलाच म्हणाल्या, "बहनजी, आप ही बाँध दीजिए, हमें कहाँ आता है!" आईने काष्टा घालून दिला, वर त्या मुलीला म्हणाली, "कितनी अच्छी लग रही हो!" मला मिळाली 'अनेकता में एकता' लिहिलेली भलीमोठी पाटी. ट्रंकेत त्या दिवसाचा फोटो आहे. पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. पाटीमागची मी मात्र दिसत नाही.